स्टेअरिंग जड झालंय, पंप बदलू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दहा टायरची गाडी, पाच वर्षं झाली, कळंबोलीतून लोखंड भरते. महिनाभर झाला, गल्लीत वळवताना स्टेअरिंग जड लागतं, घुंऽऽ असा आवाज येतो, पाऊस सुरू झाल्यापासून जास्तच. ड्रायव्हर म्हणतो बॉक्स गेला, म्हणजे स्टेअरिंगचा फेरा चाकांच्या दांड्यांकडे पोचवणारी गिअरची पेटी. मिस्त्री म्हणतो पंप गेला, म्हणजे स्टेअरिंग हलकं करायला त्या बॉक्सला दाबाने तेल देणारा पंप. तर पंप बदलू का, आणि पुढे पॉवर स्टेअरिंग वापरायचं कसं, जपायचं कसं?

पंपाचे पैसे आठवडाभर खिशातच राहू द्या. वडाळा आणि कळंबोली मिळून माझी तीसेक वर्षं गाड्यांच्या पुढच्या अ‍ॅक्सलखाली गेली. ‘पंप गेला’ म्हणून आलेल्या गाड्या पुष्कळ पाहिल्या, खरोखर पंप गेलेल्या त्यात थोड्याच निघाल्या. म्हणून आमच्याकडे गाडी आली की पाना नंतर, आधी स्टेअरिंगच्या तेलाच्या टाकीचं झाकण.

तेही उघडायची पद्धत आहे. झाकणाभोवतीची धूळ-चिखल आधी फडक्याने पुसा, नाहीतर तीच आत पडते. मग इंजिन चालू ठेवून आत बघा. तेल नितळ दिसायला हवं. बहुतेक गाड्यांत एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) नावाचं तेल असतं, ते नवं असताना लाल. काळं पडून करपट वास येत असेल तर ते तापून गेलेलं आहे. दुधी दिसलं तर पाणी शिरलंय. दोन बोटांत चोळल्यावर चंदेरी चमक दिसली, तर मात्र मिस्त्री खरा आहे: पंप स्वतःला खातोय. आणि ताकावर येतो तसा फेस दिसला तर हवा. तुम्ही सांगता त्या आवाजावरून माझा संशय हवेवर आहे.

खात्री करायला एक साधी परीक्षा. इंजिन चालू असताना तेलाची पातळी कुठे आहे ते नीट बघून ठेवा. इंजिन बंद करा, पुन्हा बघा. पातळी 1-2 सेंटिमीटरपेक्षा जास्त वर चढली तर आत हवा आहे. चालू असताना दाबाखाली ती दबलेली असते, इंजिन थांबलं की फुगते आणि तेलाला वर ढकलते.

आता ही हवा येते कुठून? टाकीकडून पंपाकडे येणारा जाड रबरी पाइप असतो. त्या पाइपात दाब नसतो, उलट पंप तेल ओढत असतो. तिथली क्लिप ढिली झाली किंवा रबर कडक होऊन बारीक चीर गेली, तर तेल बाहेर न येता हवाच आत जाते. खाली जमिनीवर डाग नाही, म्हणून कुणाचं तिकडे लक्ष जात नाही, आणि पंप बिचारा ओरडत राहतो. गेल्या पावसाळ्यात एक ट्रेलर आला होता. मालकाने चार महिन्यांत दोन पंप घातले होते, आवाज तसाच. मी त्या पाइपाच्या क्लिपला स्क्रू-ड्रायव्हर लावला तर ती अर्धा फेरा फिरली, आणि पाइप हाताने पिळला तर टोकाशी पापडासारखा कडकडला. नवा पाइप, दोन नव्या क्लिपा, नवं तेल, नवा फिल्टर. संध्याकाळी गाडी न्हावा शेव्याला गेली. ते दोन्ही जुने पंप मालकाकडे अजून पडून आहेत, माझ्या मते दोन्ही चांगले असतील.

पाइप बदलल्यावर हवा काढावी लागते, आणि इथे घाई करणारे फार. पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घेऊन स्टँडवर बसवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी खाली जायचं नाही. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. टाकी भरा. इंजिन बंदच ठेवून स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, पाच-सात वेळा. तेल खाली जाईल, ते भरत राहा. टाकी रिकामी झाली की पुन्हा हवा शिरली म्हणून समजा. मग इंजिन दोन-तीन सेकंद चालवून बंद, परत तेल. फेस येईनासा झाला की आयडलवर चालू ठेवून पुन्हा फिरवा, फक्त टोकाला दाबून धरू नका. फेस राहिलाच तर गाडी तासभर तशीच उभी ठेवा. बुडबुडे आपोआप वर येतात. मिस्त्री मंडळींना हा तास जड जातो, पण त्याला उपाय नाही.

तेलाबद्दल एक सांगतो, कारण यात नुकसान पाहिलंय. जुन्या साध्या स्टेअरिंगच्या बॉक्समध्ये 90 नंबरचं गिअर ऑइल असायचं. त्या काळातले हात अजून काही गॅरेजांत आहेत, ते सवयीने पॉवर स्टेअरिंगमध्येही तेच ओततात. ब्रेक ऑइल ओतलेलंही पाहिलंय. त्याने आतले सील फुगून बाद होतात. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच तेल, आणि बंद डब्यातलं. सीटमागे पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं लाल तेल कोणाच्या उपयोगाचं नाही. त्या बाटलीत आधी काय होतं ते क्लीनरलाही आठवत नसतं. डिझेल भरायचं नरसाळं तर टाकीजवळ आणूच नका. टाकीत कागदी फिल्टर असतो, तेलाबरोबर तोही बदलायचा. कितीनंतर, ते पुस्तकात दिलेलं असतं, पण मुंबईत चालणाऱ्या गाडीचं तेल मी पावसाळा संपला की एकदा तपासतोच, किलोमीटर किती का झाले असेनात.

हवा निघाली, तेल चांगलं, तरी जड? मग पंपाकडे वळायच्या आधी गाडीच्या खाली जा. पॉवर स्टेअरिंगचा एक मोठा दोष आहे. ते खालचं दुखणं झाकून ठेवतं. साध्या स्टेअरिंगच्या काळात किंग पिन, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं ती, कोरडी पडली की ड्रायव्हरचे खांदे दुसऱ्या दिवशी सांगायचे. आता पंप गुपचूप जास्त दाब देतो, ड्रायव्हरला काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा पंपाचंही टोक गाठलेलं असतं. मग सगळा दोष त्याच्या माथी.

म्हणून हे पाहा: वळण घेतल्यावर हात सैल सोडला की स्टेअरिंग आपोआप सरळ होतं का? होत नसेल तर किंग पिन, बॉल जॉइंट (स्टेअरिंगच्या दांड्यांचे गोल सांधे) नाहीतर बॉक्स जास्त आवळलेला. पंपाचा त्यात काही संबंध नाही. किंग पिनला ग्रीस मारताना पुढची चाकं उचललेली हवीत. लोडवर असताना मारलेलं ग्रीस सोप्या वाटेने बाहेर येतं. जिथे भार टेकलेला असतो, नेमकी तीच बाजू कोरडी राहते. पुढच्या टायरांची हवा थंड असताना मोजा. एका बाजूला कटताना जड आणि दुसऱ्या बाजूला हलकं असेल तर बॉक्सचं काम. दोन्हीकडे जड, पण अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबला की हलकं होतं, असं असेल तर पंप. तेही मीटर लावून दाब मोजल्यावर ठरवायचं, कानाने नाही.

तुमची गाडी लोखंडाची आहे म्हणून विचारतो: कॉइल, म्हणजे पत्र्याचा जड गुंडाळा, गाडीत कुठे ठेवता? 2018 साली केंद्राने अ‍ॅक्सलचा परवानगीचा भार वाढवला, त्यात पुढच्या दोन टायरांच्या अ‍ॅक्सलचे 6 टनांचे 7 टन झाले. पण कॉइल केबिनला चिकटवून ठेवली तर एकूण वजन कागदावर बरोबर असूनही पुढचा अ‍ॅक्सल त्याच्या वर जातो. पंप, बॉक्स, किंग पिन सगळ्यांवर तो भार रोज. आणि फार मागे ठेवली तर उलटं: पुढची चाकं जमिनीवर नुसती तरंगतात, स्टेअरिंग हातात लोण्यासारखं हलकं, ओल्या रस्त्यावर गाडी वळतच नाही. कॉइल उतरवून जागा बदलून पाहा. मी एकदा एवढ्यानेच ‘जड स्टेअरिंग’ बरं केलंय.

आता वापरायचं कसं. ड्रायव्हरला एकच गोष्ट समजावा: चाक जरा फिरू लागल्यावर स्टेअरिंग फिरव. उभ्या लोडेड गाडीचे पुढचे टायर डांबरावर रगडत फिरवायचे म्हणजे पंपाला सगळा जोर लावावा लागतो. मुंबईतल्या दारुखाना भागातल्या गल्लीत नाहीतर भिवंडीच्या गोदामात जागाच नसते, हे मला माहीत आहे. तरी गाडी वीतभर पुढे-मागे सरकत असताना कट मारला तर काम निम्म्या जोरात होतं. दुसरं, फुल लॉक. स्टेअरिंग टोकाला नेलं आणि तिथेच दाबून धरलं की सूंऽऽ असा आवाज येतो. तो पंपाच्या रिलीफ वाल्वचा, म्हणजे दाब फार वाढला की उघडणाऱ्या झडपेचा. तेल पुढे कुठे जात नाही, तिथल्या तिथे फिरतं आणि तापतं, पंपाचा सगळा जोर उष्णतेत जातो. 5 सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. टोकाला लागलं की बोटभर मागे सोडायचं, आवाज लगेच थांबतो. टायर फूटपाथला टेकलेला असताना स्टेअरिंग ओढत राहणं हाही तोच प्रकार.

स्टेअरिंगला बसवलेली ती रंगीत मुठीची फिरकी काढून टाका. वडाळ्याच्या खड्ड्यात चाक आदळलं की स्टेअरिंग झटका देतं आणि फिरकी मनगटावर बसते. अंगठासुद्धा दांडीत अडकवायचा नाही, बाहेरून ठेवायचा.

घाटाचं मात्र नीट ऐका. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना डिझेल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे अजून आहेत. पॉवर स्टेअरिंगचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद तर पॉवर बंद. स्टेअरिंग तुटत नाही, बॉक्समधून चाकापर्यंतचा लोखंडी जोड कायम असतो, पण लोडेड गाडी वळवायला दोन्ही हातांचं बळ अपुरं पडतं. त्याच वेळी ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही थांबलेला असतो. चार-सहा वेळा ब्रेक दाबला की हवेच्या टाकीतला दाब खाली येतो. इंजिन ब्रेक, म्हणजे गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला धरून ठेवतं तो, तर न्यूट्रलला टाकलं तेव्हाच गेला. चावी काढली आणि स्टेअरिंग लॉक पडलं तर मग बोलायलाच नको. आणि वाचतं काय? हल्लीच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे कॉम्प्युटर मोजून डिझेल सोडतो त्यात, गिअरमध्ये असताना पाय उचलला की उतारावर डिझेल जवळपास जातच नाही. म्हणजे वाचवायला तिथे काही नसतंच.

चालत्या गाडीत अचानक पॉवर गेली, पाइप फुटला समजा, तर झटका द्यायचा नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरून पाय उचला, ब्रेक हळू, इंडिकेटर देऊन डावीकडे. थांबेपर्यंत इंजिन बंद करू नका, ब्रेकला हवा लागते. थांबल्यावर लगेच बंद करा, कारण कोरडा फिरणारा पंप काही मिनिटांत जाम होतो आणि त्याचा चुरा बॉक्सपर्यंत पोचतो. ‘थोडं पुढे गॅरेज आहे’ म्हणून लोडेड गाडी तशी रेटू नका.

गळती शोधतानाची एक गोष्ट. मी हेल्पर होतो तेव्हा आमच्याबरोबरचा एक मुलगा चालू गाडीत प्रेशर पाइपावर हात फिरवून गळती शोधत होता. पाइपाला सुईएवढं भोक होतं. त्याला वाटलं, काहीतरी टोचलं. रक्ताचा थेंबही नाही. संध्याकाळी बोट सुजलं, रात्रभर ठणकत राहिलं, सकाळी दवाखान्यात नेला तोवर उशीर झाला होता. बोटाचा अर्धा भाग काढावा लागला. जड गाडीच्या स्टेअरिंगमध्ये दाब साधारण 100 ते 150 बारच्या घरात जातो, टायरातल्या हवेच्या पंधरा-एक पट. त्या दाबाने तेल कातडीतून आत घुसतं. म्हणून पाइपाजवळ खोक्याचा पुठ्ठा धरायचा, डाग कुठे पडतो ते बघायचं, हात लांब, डोळ्यांना चष्मा. टोचल्यासारखं झालंच तर तासाभरात हॉस्पिटल, आणि तिथे ‘दाबाखालचं तेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर मलमपट्टी करून परत पाठवतील. हे तेल गरम सायलेन्सरवर किंवा टर्बोवर उडालं तर पेट घेतं, तेव्हा त्या बाजूचा ओला पाइप ‘उद्या बघू’ म्हणून सोडू नका.

प्ले, म्हणजे स्टेअरिंगचा ढिलेपणा, तपासायला दोघे लागतात. सपाट जागा, हॅंडब्रेक, ठोकळे, इंजिन चालू, चाकं सरळ. एकाने केबिनमध्ये बसून स्टेअरिंग डावी-उजवीकडे जरा जरा हलवायचं, दुसऱ्याने बाजूने वाकून ड्रॉप आर्म (बॉक्समधून खाली येणारा दांडा), ड्रॅग लिंक (तिथून चाकाकडे जाणारी दांडी), टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारी दांडी) बघत जायचं. कुठल्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी मागाहून हलते, तोच सांधा गेलेला. चाक टोकाला अडवणारा स्टॉप बोल्ट आणि अ‍ॅक्सल यांच्या मध्ये बोटं घालायची नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 98 वा नियम म्हणतो, स्टेअरिंगचा ढिलेपणा 30 अंशांच्या वर नको. अर्धा मीटर व्यासाच्या स्टेअरिंगवर ते काठाशी साधारण 13 सेंटिमीटर होतात. माझ्या मते तिथवर पोचायची वाटच बघू नये. तीन-चार बोटांचा ढिलेपणा आला की मी सांधे बघतो. ढिलेपणा दिसला की बॉक्सच्या वरचा स्क्रू आवळून मोकळे होणारे मिस्त्री आहेत. त्याने दोन दिवस छान वाटतं, मग स्टेअरिंग सरळ यायचं थांबतं आणि गाडी हायवेवर डुलायला लागते. स्क्रूला हात सगळ्यात शेवटी.

आणखी दोन-तीन गोष्टी मिस्त्रीला करू देऊ नका. पंप कमजोर झाला म्हणून रिलीफ वाल्वच्या स्प्रिंगखाली वायसर टाकून दाब वाढवणं. स्टेअरिंग हलकं होतं खरं, पण पुढे पाइप फुटतो नाहीतर सील जातं, आणि ते घडतं भर वळणावर, कारण दाब तेव्हाच सर्वात जास्त असतो. ड्रॉप आर्म हातोड्याने ठोकून काढणं. तो धक्का शाफ्टवाटे बॉक्सच्या आत जातो. पुलर वापरा, आणि काढण्याआधी आर्म व शाफ्टवर खूण करा, एक दात चुकला तरी स्टेअरिंग वाकडं बसतं. वाकलेली ड्रॅग लिंक गरम करून सरळ करणं किंवा तुटलेल्या आर्मला वेल्डिंग मारणं तर अजिबात नाही. नट सुटू नये म्हणून घालतात ती स्प्लिट पिन दर वेळी नवी. चार आण्याची वस्तू आहे, जुनी सरळ करून परत घालण्यात काय हशील? स्टॉप बोल्ट कुणी फिरवले असतील तर बॉक्सची टोकाची सेटिंगही पुन्हा तपासून घ्या, नाहीतर चाक बोल्टला टेकल्यावरही बॉक्स जोर लावतच राहतो.

मुंबईचं हवामान वेगळंच. बंदराकडे उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे लोखंडी पाइप खाऱ्या हवेने आतून चांगले आणि बाहेरून खाल्लेले सापडतात, खास करून क्लँपच्या खाली, जिथे चिखल साचतो. क्लँप सोडवून बघितल्याशिवाय ते दिसत नाही. धुताना पाण्याचा फवारा टाकीच्या झाकणावर मारू नका, झाकणाला हवेचं छिद्र असतं. गाडी तुंबलेल्या पाण्यातून गेली असेल तर दुसऱ्या दिवशी झाकण उघडून रंग बघा आणि सगळ्या सांध्यांना ग्रीस मारा. बॉल जॉइंटची रबरी टोपी फाटलेली असेल तर त्यात पाणी गेलंच म्हणून समजा.

तर तुमच्यासाठी क्रम असा लावतो. या रविवारी गाडी रिकामी असताना पातळीची परीक्षा करा, ओढीच्या बाजूचा पाइप आणि दोन्ही क्लिपा बदला, फिल्टर-तेल नवं घाला, हवा काढा, चाकं उचललेली आहेतच तर किंग पिनला ग्रीस. एवढं करून आवाज गेला नाही, तरच मीटर लावणाऱ्याकडे जा आणि दाबाचा आकडा पुस्तकाशी ताडून घ्या. आणि काढलेला जुना पाइप भंगारात टाकू नका. सुरीने उभा चिरून ड्रायव्हरच्या हातात द्या. आतली चीर त्याला स्वतःला दिसू दे, मिस्त्रीलाही दाखवा.